इतर नावाचा रंग

मंगल, तुझा फ्लेक्स मीच केला. दुसरं कोण करणार होतं? बारामतीत फ्लेक्सवाल्यांचा काही तोटा नाही, पण तुझ्या नवऱ्याचा, दाजींचा, फोन आला तेव्हा मी दुकानातच होते आणि समोर एक जण वाढदिवसाच्या बोर्डावर आपलं नाव अजून मोठं करा म्हणून बसला होता. मी फोनवर हं हं म्हटलं, फोन ठेवला आणि त्याचं नाव मोठं केलं. तो गेल्यावर कॉम्प्युटरवर 'श्रद्धांजली' नावाचं फोल्डर उघडलं. त्यात समई आहे, हार आहे आणि ढगांतून खाली येणारा उजेड आहे. त्या उजेडाला तू सरकारी स्वर्ग म्हणायचीस. तोच टाकला. हात आपले चालत होते. त्याचंसुद्धा नवल वाटलं नाही.

तुझा एक धड फोटो नाही गं. प्रत्येकात तू काहीतरी बोलतेयस. दाजींनी पाठवला तो कुणाच्या तरी हळदीतला, शेजारच्या बाईचा खांदा आलेला. मी खांदा कापला, मागचा मांडव पुसला. तुझं उघडं तोंड मात्र मिटता येईना, ते तसंच राहिलं. मग खाली 'शोकाकुल' म्हणून टाकायची नावं आली. सगळे बाप्ये. दीर, चुलत दीर, पुतणे, शेवटी कुठलं तरी मित्र मंडळ. प्राजूचं नाव नव्हतं. मी दाजींना विचारलं, पोरीचं राहिलंय का? ते म्हणाले, तसं टाकत नाहीत, रेखाताई. मी टाकलं. त्यावर कुणी काही बोललं नाही, बहुतेक कुणी वाचलंच नसेल.

दशक्रियेला नदीवर गर्दी मोप होती. प्रवचन झालं आणि मग पुढाऱ्यांची भाषणं सुरू झाली, आपल्याकडं ती असतातच. एकानं तुला आदर्श माता केलं, दुसऱ्यानं समाजसेविका. तिसरा तुझं नाव विसरला आणि 'आपल्या वहिनी' म्हणून वेळ मारून नेली. तू नक्की काय करायचीस ते एकालाही सांगता आलं नाही. मी बायकांत मागं बसले होते. शेजारची म्हणाली, रडा की ओ, मोकळं वाटंल. मला खरंच येत नव्हतं. मी त्या मांडवाच्या कापडावरची डिझाईन बघत बसले होते, तिची एक ओळ चुकली होती.

तू काय करायचीस ते सांगणं सोपं नव्हतंच म्हणा. सांगवीच्या शाळेत असताना तू सगळं मोजायचीस आणि मी सगळं रंगवायचे, बाईंचा मार दोघींना सारखाच. पुढं तू संख्याशास्त्र केलंस आणि लग्न होऊन लासुर्ण्याकडं गेलीस, मी चित्रकलेच्या परीक्षा देऊन दुकान टाकलं. मग एका संस्थेसाठी तू गावोगाव माहिती गोळा करायला लागलीस. एकदा दुकानात येऊन तक्त्यांचा गठ्ठा माझ्या पुढ्यात आदळलास आणि म्हणालीस, एवढी वणवण केली, पण हे वाचतंय कोण? ज्यांचं हे हाय, त्यांच्यापर्यंत तर जातच न्हाय. तू काढ ह्याचं काहीतरी. तिथून ते सुरू झालं. शिकलेले लोक त्याला इन्फोग्राफिक म्हणतात, आपल्या दुकानात त्याचं नाव आकड्यांचा फ्लेक्स. गोलाचे तुकडे केले की ती भाकरी आणि उभ्या पट्ट्या काढल्या की त्या शेवग्याच्या शेंगा. नवीन गिऱ्हाईक गोंधळायचं, की ह्या दोघी स्वयंपाकाचं बोलतायत का काय.

पहिल्याच कामात आपण माती खाल्ली होती, आठवतं? ठिबकवरचा ऊस आणि पाटपाण्याचा ऊस, एकरी किती निघतो ते दाखवायचं होतं. मी पट्ट्यांच्या जागी खरोखरचे ऊस काढले, हिरवेगार, पाचटासकट. ठिबकचा उंच करायचा म्हणून कोपरा धरून ताणला, तसा तो जाडही झाला. दिसायला झकास. फ्लेक्स लासुर्ण्याच्या बैठकीत लागला आणि एक आबा उठून जवळ गेले, उसाला वीत लावली आणि म्हणाले, "ही जात कोणची? बेणं कुठं मिळंल?" सगळे हसले. तू हसली नाहीस. घरी जाताना स्कुटीवर मागं बसून माझ्या कानात ओरडत होतीस, की अगं ऊस वजनावर जातो, उंचीवर न्हाय. तू उंचीबरोबर जाडी वाढवलीस, लोकांनी मनात वजन केलं, आता जरा जास्तीचं त्यांना ढीगभर जास्त दिसतंय, आपण खोटं बोललो. मी म्हटलं, खोटं कसलं, खाली आकडा लिहिलाय की. तू म्हणालीस, आकडा वाचत असते तर तुझी गरज काय हुती? त्याचा मला राग आला. तुझं बरोबर असलं की तुझा जास्तच राग यायचा.

आपण भांडायचो किती. आणि कसल्या कसल्या गोष्टींवरून. माणूस काढायचा तर बाईला पदर द्यायचा की नाही. म्हैस काळी की करडी. नवरे आपापले गुमान होते बिचारे, भांडायची सगळी हौस आपण एकमेकींवर भागवली. आता दुकानात कुणी म्हटलं, ताई जसं तुम्हाला बरं वाटेल तसं करा, की मला काय करावं तेच कळत नाही.

पण शेवटचं भांडण राहिलंच, आणि मला त्याचंच बोलायचंय.

त्या पोरींचं चित्र. कळसच्या महिला ग्रामसभेत लावायचं होतं. दहावीनंतर किती पोरी शिकतायत, किती सुटल्या आणि का सुटल्या. मी नेहमीसारखं म्हटलं, एक चित्र म्हणजे दहा मुली, खाली तसं लिहू. तू म्हणालीस, दहा पोरींची एक पोर कशी करतीस गं? म्हणून जेवढ्या पोरी तेवढी चित्रं. दोन वेण्या, पाठीला दप्तर, रांगाच्या रांगा. शिकणाऱ्या हिरव्या. एसटीच्या वेळा जमत नाहीत म्हणून सुटलेल्या निळ्या. घरातलं नाहीतर रानातलं काम अंगावर पडलं त्या मातकट. लग्न करून दिलेल्या लाल. आणि उरलेल्या थोड्या, ज्यांचं कारण धड कशात बसत नव्हतं, त्या करड्या. खाली मी लिहिलं, 'इतर'.

तू त्या करड्या रंगावर बोट ठेवून उभी राहिलीस. ह्या कोण, म्हणालीस. मी म्हटलं, इतर. म्हणालीस, इतर नावाची पोर मी एकबी बघितली न्हाय. मग तू मला तुझे कागद दाखवलेस. ह्यातल्या बऱ्याच जणींच्या घरात कुणीतरी गेलं होतं. आई, बाप, आजा. आणि घरात मरण झालं की वर्षाच्या आत कार्य उरकून घ्यायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, ही आपल्याकडची रीत. म्हणून जी पोरगी हाताशी आलेली असेल ती उजवून टाकायची. त्या घरांनी कारण सांगताना लग्न म्हटलंच नव्हतं. घरात अडचण झाली, असं म्हटलं होतं. तुझं म्हणणं, ह्यांना लाल करू नको, करड्याही ठेवू नको, ह्यांना त्यांचा स्वतःचा रंग दे.

मी नाही म्हटलं, आणि डिझाईन म्हणून मी आजही नाहीच म्हणेन. लांबून बघणाऱ्या डोळ्याला इतके रंग झेपत नाहीत. त्यात ह्या मूठभर. मूठभरांसाठी नवा रंग काढला की मुख्य गोष्ट झाकली जाते, हे मी शिकलेय आणि तुलाही पटलेलं होतं. तू म्हणालीस, मूठभर म्हणून तर कुणाला दिसत न्हाईत. मी म्हटलं, मग पिवळा देऊ का, तेवढाच उरलाय, आणि पांढऱ्यावर पिवळा लांबून दिसत नाही. तू म्हणालीस, हळदीचा दे. मी म्हटलं, बघू.

त्या सकाळी तुझा मेसेज होता. करडा काढ, हळदीचा दे, कार्यक्रम जवळ आलाय. मी अंगठा दाखवला. वर केलेला अंगठा गं, तुला तो अजिबात आवडायचा नाही. दुपारी दाजींचा फोन आला, की मंगलला दवाखान्यात नेलं पण उपयोग झाला नाही. कार्यक्रम पुढं ढकलला गेला. चित्र तसंच राहिलं, करड्या पोरींसकट.

त्यानंतरचे दिवस मला नीट सांगता येत नाहीत. दुकान उघडलं, बंद केलं. लग्नसराईची कामं होती, ती केली. माझ्या घरचे म्हणायचे, ही बरी दिसतेय. मीही म्हणायचे, बरी आहे. चहा पुढ्यात गार व्हायचा आणि तो तसाच प्यायचे. तुझी आठवण येत होती का, तर तेही नाही. कानात दडे बसल्यावर कसं सगळं लांबून ऐकू येतं, तसं चाललं होतं.

मग एक दिवस दाजी दुकानात आले. तुझा संजय कधी आपणहून दुकानात आलाय का सांग. बसा म्हटलं तर बसले, पाणी दिलं तर हातात धरून राहिले. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण तुटलेलं. बराच वेळ मशीनकडं बघत होते. मग म्हणाले, "रेखाताई, प्राजूचा बायोडाटा करून द्या."

मला वाटलं, नोकरीचा. मी विचारलंही, बी.एस्सी. व्हायचीय अजून, आत्ता कुठं लावताय? ते खाली बघून म्हणाले, लग्नाचा. इंदापूरकडचं स्थळ आहे, डाळिंबाची बाग आहे, मुलगा चांगला आहे. घरात आता बाई माणूस नाही, आईचं वय झालं, आणि लोक म्हणतात वर्षाच्या आत झालं तर झालं. त्यांनी हे सगळं पाठ केल्यासारखं सांगितलं. मी विचारलं, प्राजू काय म्हणते? म्हणाले, ती काय म्हणत न्हाय.

मी फॉर्मॅट उघडला, मंगल. गणपती, खाली नाव, जन्मवेळ, उंची, वर्ण. शिक्षणापुढं त्यांनी सांगितलं, नुसतं बी.एस्सी. लिहा, दुसरं वर्ष लिहू नका. आईचं नाव. कै. सौ. मंगल. तेवढं टाईप केलं आणि माझा हात थांबला. मी त्यांना म्हटलं, प्रिंटर बिघडलाय, मीच घेऊन येते घरी. प्रिंटर चांगला ठणठणीत होता. ते बरं म्हणाले आणि हातातलं पाणी न पिताच गेले.

त्या संध्याकाळी मी पोरींचं चित्र उघडलं आणि करड्या एकेक करून पिवळ्या केल्या. तुझं ऐकलं म्हणून नाही, एवढं लक्षात ठेव. लांबून दिसेनात म्हणून प्रत्येकीला गडद कड दिली, मग दिसायला लागल्या. खाली 'इतर' खोडून लिहिलं, 'घरात मृत्यू झाला म्हणून वर्षाच्या आत लग्न'. ओळ लांबलचक झाली, कुठल्या डिझाईनमध्ये बसत नाही. छापून गुंडाळी केली.

दुसऱ्या दिवशी एसटीनं लासुर्ण्याला उतरले. उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, रस्ताभर पाचट. तुझ्या दारात पाय ठेवला आणि सवयीनं मंगल अशी हाक मारणार होते, ती गिळली. दाजी पुढच्या सोप्यावर, ओसरीत, होते. प्राजू भांडी घासत होती, ओल्या हातांनीच उठून आली. तुझ्या सासूबाई आत कॉटवर पडून होत्या. मला खात्री होती, ह्या सगळ्याच्या मागं त्याच आहेत. तू नेहमी म्हणायचीस, आत्या बोलत न्हाईत पण घरातलं पान त्यांच्याशिवाय हलत न्हाय.

मी बायोडाटा काढलाच नाही. सोप्यावर फ्लेक्स पसरला. वळकटी पुन्हापुन्हा मिटायला लागली, तेव्हा एका कोपऱ्यावर मी पाय ठेवला आणि एकावर प्राजू बसली. दाजींना म्हटलं, मंगलचं शेवटचं काम आहे, तुम्ही बघितलेलं नाही, बघा. ते बघत राहिले. तुझ्या इतक्या वर्षांच्या कामातलं एकही चित्र त्यांनी असं समोर बसून बघितलं नसेल. मला पुढं बोलायचं होतं, तयारी करून गेले होते, पण नुसती पायाखालचा कोपरा दाबत राहिले. तेवढ्यात आतून आत्या भिंत धरत धरत आल्या. हे काय मांडलंय, म्हणाल्या.

सांगितलं ते प्राजूनं. तिनं आज्जीला एकेक रंग बोटानं दाखवला. हिरव्या शिकतात, निळ्यांना एसटी नाही, मातकट कामाला लागल्या, लाल लग्न झालेल्या. मग ती पिवळ्यांपाशी आली. तिचा आवाज अगदी सपाट होता, माझा हल्ली असतो तसा. म्हणाली, "ह्या, आज्जी, घरात कोन तरी गेलं म्हनून वर्साच्या आत दिल्या त्या."

दाजी बाहेर रस्त्याकडं बघायला लागले. आत्या खाली बसल्या, गुडघा धरत, सावकाश. एका पिवळ्या पोरीवर बोट ठेवलं. ते बोट तिथंच राहिलं.

"मला बी ह्यात धर," त्या म्हणाल्या.

कुणाला काही कळलं नाही. मग त्यांनीच सांगितलं, कुणाकडं न बघता. बाप विहिरीच्या कामावर गेला तो दरड ढासळून गेला. त्या शाळेत जात होत्या. चुलत्यांनी वर्ष संपायच्या आत ह्या घरात दिलं. दप्तर म्हणजे कापडाची पिशवी होती, ती आईनं शेंगांच्या बियाण्याला वापरली. मला वाटतं दाजीही हे पहिल्यांदाच ऐकत होते. ते म्हणाले, आये, तू कधी बोलली न्हाईस. आत्या म्हणाल्या, "इचारलं कुनी? लगीन झालं, एवढंच सांगायचं असतंय."

मग त्यांनी बोट काढलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "संजा, त्या मानसास्नी फोन कर. म्हनावं, पोरगी शिकतीया." दाजी म्हणाले, मग तीन वर्सं थांबावं लागंल. आत्या म्हणाल्या, तीन तर तीन, कुठं गाडी सुटतीया? दाजी उठले. अंगणात जाऊन फोन लावला. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण फार वेळ बोलले नाहीत. आत येताना त्यांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. प्राजू कोपऱ्यावरून उठली नाही. तिच्या हातावरचा साबण वाळून पांढरा झाला होता.

मी आत्यांना सांगितलं, की तुम्हाला ह्या चित्रात घेता येणार नाही. ही पाहणी आत्ताच्या पोरींची आहे, मनानं एकही चित्र वाढवायचं नाही असं मंगलचं होतं. खरं सांगायचं तर मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल. त्या म्हणाल्या, मग दुसऱ्यावर काढ. आणि नावं सांगायला लागल्या. खालच्या आळीतली शेवंता, तिचा भाऊ गेला तेव्हा. कळसला दिलेली त्यांची मावसबहीण. एक कोण तर सांगवीची होती, माझ्या आईच्या वयाची, मी तिला रोज बघत मोठी झाले आणि मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. एकामागून एक बाया. म्हणे, बऱ्याच गेल्या, पण हायत त्यास्नी इचारा की.

प्राजूनं फ्लेक्स उलटा केला. मागची बाजू कोरी पांढरी असते. तिनं स्केचपेन शोधून आणलं आणि पालथी पडून लिहायला लागली. आज्जी, शेवंताआज्जीचं वय तवा काय हुतं, असं विचारत होती, आणि आत्या आठवत होत्या.

विचारायचं काम तुझं होतं, मंगल. मला नुसतं काढता येतं. मी तिथं उभी होते, एक पाय पुन्हा कोपऱ्यावर, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं. रडू नव्हतं ते. राग आला. तुझाच राग आला. ह्या घरात तू एवढी वर्षं काढलीस. आख्ख्या तालुक्यातल्या बायांना बोलतं केलंस. आणि तुझी सासू आज बोलायला बसलीय, आणि तू नाहीस, भवाने.